तांदळात लिहिलेलं नाव

झाशी,
११ फेब्रुवारी १९७१

तीर्थस्वरूप अक्का हिला, जबलपूरच्या दिशेला तोंड करून, धाकट्या रमाकांतचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा दमा कसा आहे? (हे विचारायला मला सहा वर्षं लागली, म्हणून पत्र इथेच फाडू नकोस. पुढे कामाचं आहे.) इकडे मी सोडून सगळे खुशाल आहेत. मी दमलोय गं. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या नावांच्या याद्या करतो आणि घरी आलो की इथेही तेच.

तुझ्या भावजयीला, कमलला, आठवा महिना लागलाय आणि बाळ सोडून सगळ्यांना घाई झालीय. अण्णांनी जाहीर केलंय की मुलगाच होणार आणि त्याला आपल्या आजोबांचं नाव, जगन्नाथ. छान! पण ते आईच्या सासऱ्यांचं नाव. जी बाई चाळीस वर्षं जगन्नाथपुरीला 'ते समुद्राकाठचं क्षेत्र' म्हणत आली, ती नातवाला हाक कशी मारणार? अण्णा म्हणाले, सवय कर. बिचारीने परवा तुळशीपुढे उभं राहून 'अरे ज...' एवढंच म्हटलं, लगेच डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. आता तिने ठरवलंय की नातवाला 'अहो'च म्हणायचं. पाळण्यातल्या पोराला 'अहो, दूध घेता ना?' अक्का, मी हे डोळ्यांपुढे आणतो आणि मला आत्तापासूनच म्हातारपण येतं.

दुसरीकडे माझे सासरे. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण आवाज अजून पलटणीतच आहे. दर रविवारी बबीन्याहून बसने येतात आणि उंबऱ्यातूनच गरजतात, "काय म्हणतोय आमचा संभाजी?" की अण्णा उठून देवघरात जातात. गेल्या रविवारी सुभेदारांनी लेकीसाठी बरुआसागरचं आलं आणलं, तर अण्णा आतूनच म्हणाले, आमच्या जगन्नाथला आलं सोसायचं नाही. संभाजीला सोसतं, असं बाहेरून उत्तर गेलं. दोघेही कमलला काही विचारत नव्हते, आणि ती मुकाट्याने आल्याचा चहा करत होती. शेजारच्या मिसराइन चाचींनी भिंतीवरून निकाल दिला, "भैया, नाम कुछ भी धरो, हम तो पप्पू ही कहेंगे." गल्लीत आतापासून 'पप्पू कब आ रहे हैं' सुरू झालंय. शेवटी तेच होणार, आणि मला आता त्याचंही काही वाटत नाही.

मुद्दा असा, की नावं ढीगभर आहेत पण ते बाळाच्या कानात सांगायला कोणी नाही. तो मान आत्याचा, आणि आत्या रुसून जबलपुरात बसलीय. चूक माझी होती हे मी आज लिहून देतो. लग्नात सुनेसाठी तू भानुमती हे नाव ठरवलंस, मला दहादा पढवलंस. मी अंगठीने ताटातल्या तांदळात ते लिहिलंही. तेवढ्यात सासूबाई रडायलाच लागल्या. कळलं ते असं, की भानुमती म्हणजे त्यांच्या सासूबाईंचं नाव! पोटच्या पोरीला जन्मभर हाक मारता यायची नाही. भटजी खाकरत होते, मुहूर्त टळत होता, मी घाबरलो. तांदळावरून हात फिरवला आणि ताटावर कमळ कोरलेलं दिसलं म्हणून कमल लिहिलं. मान वर केली तर तू निघालेली. पंगतीला पानं मांडली होती, तुझ्या पानापुढे मी रांगोळी काढायला सांगितली होती. ते पान मला अजून आठवतं, अक्का. फार वाईट वाटतं.

बाकी विशेष काही नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
रमाकांत

ता. क. बारशाला ये. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. नाव तू ठरवशील ते. अण्णा आणि सुभेदार, दोघांना मी बघून घेईन. (कसं, ते विचारू नकोस.)

दुसरं ता. क. तू आली नाहीस तर समथरची चुलत बहीण प्रेमला ही आत्या म्हणून बसायला एका पायावर तयार आहे. नवी साडीही घेऊन ठेवलीय म्हणे. (हे लिही म्हणजे अक्का नक्की येईल, असं आईने सांगितलं. माझ्या डोक्यातलं नाही.)

वन्संना कमलचा नमस्कार. हे पत्र ह्यांनी तीनदा लिहून तीनदा वहीत दडवलं, म्हणून आज मीच पेटीत टाकायला निघालेय. या अवस्थेत जिना उतरतेय, एवढं ध्यानात ठेवा. एक सांगते. माझं माहेरचं नाव इंदू. त्या दिवशी भानुमती राहिलं असतं तरी आई मला इंदू म्हणू शकली असती. मांडवात एवढी माणसं होती, पण हे कोणालाच सुचलं नाही, आणि मला कोणी विचारलं नाही. आता आईसुद्धा कमलच म्हणते. तुम्ही याच. बाळाच्या कानात काय सांगायचं ते सांगा, पण त्याआधी एकदा मला इंदू म्हणून हाक मारा.