पेटीतली बाळंतीण

अण्णा, आज मांजराला दूध घालताना तुमची आठवण आली आणि मग कशातच लक्ष लागेना, म्हणून लिहायला बसले. तुमचा आवाज आठवायचा तर मला आता डोळे मिटावे लागतात. पण सकाळी कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवणारा तुमचा आवाज मात्र न बोलावता येतो. चामराजपेटेतलं आपलं वठार, एका अंगणाभोवती दाटीने बसलेली बिऱ्हाडं, आणि त्यांना जाग यायच्या आत तुम्ही पाटावर बसलेले. समोर आनेकलहून मामाने आणलेलं ते तांबडं कुत्रं. तुम्ही दोन ओळी लिहायचात, त्याला वाचून दाखवायचात, आणि त्याने जांभई दिली की तोंड वाकडं करून त्या खोडायचात. मांजरी खिडकीत बसून अंग चाटत असायची. तिला साहित्याचं वावडं होतं. आईला मात्र तुम्ही कधी एक ओळ वाचून दाखवली नाहीत. "तिला कुठे वेळ आहे," असं तुम्ही म्हणायचात. आई आतून म्हणायची, "वेळ आहे का, हे मला कुणी विचारलं?"

पुण्याच्या मासिकांकडून तुमच्या गोष्टी साभार परत यायच्या. पोस्टमन जाड पाकीट घेऊन आला की घरात सगळे हळू बोलायचे. त्या वर्षी मात्र एका संपादकांनी आपणहून दिवाळी अंकासाठी मोठी गोष्ट मागवली, श्रावण संपायच्या आत. तुम्ही जेवताना सांगून टाकलंत, "यंदा परत आली, तर लिहिणं बंद." आई वाढता वाढता थांबली. मी लहान होते, पण तुम्ही थट्टा करत नव्हता हे मला कळलं.

गोष्ट पुरी झाली. तुमचा एक शिरस्ता होता. पक्की प्रत झाली की कच्चे कागद न्हाणीतल्या हंड्याखाली घालायचे आणि त्या पाण्याने अंघोळ करायची; गोष्टीचं सुतक फिटलं म्हणायचात. त्याही दिवशी तुम्ही ते सगळे जाळलेत. पक्की प्रत लाकडी पेटीत ठेवलीत आणि अंघोळीच्या आनंदात झाकण लावायचं विसरलात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर मांजरी पेटीत, तुमच्या गोष्टीवर, व्यालेली. डोळे मिटलेली पिल्लं तिला लुचतायत आणि ती तुमच्याकडे शांतपणे बघतेय.

आई म्हणाली, "उचला तिला, टोपलीत ठेवा." तुम्ही तिचा हात धरलात. "हात लावला तर पिल्लं टाकून देईल ती." शेजारच्या अक्कांना आपली मराठी निम्मीच यायची, पण बातमी पुरती पोचली होती. त्या दारातून म्हणाल्या, "रायरे, स्वल्प तडी, थोडं थांबा. बेक्कु आहे, मांजर, सात घरं फिरवते पिल्लांना. आपणच उचलून नेते." तुम्हाला तेच हवं होतं. तुम्ही थांबलात. ऑफिसातून आलात की चप्पल काढायच्या आधी पेटीत डोकावायचात. मांजरी काही हलेना. श्रावण पुढे सरकत होता. शेवटी आई म्हणाली, "सहा घरं आधीच बघून आली असेल ती. हे सातवं."

तुम्ही हसला नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलात आणि म्हणालात, "संपलं सगळं." आई भाकरी थापतेय. मागे वळून न बघता ती विचारते, "गोष्ट पेटीत आहे की डोक्यात?" तुम्ही पेटीच्या दिशेने बघता. "डोक्यात असली तर सांगा. हात गुंतलेत माझे, कान मोकळे आहेत." आणि तुम्ही सांगायला लागता, आधी चाचरत, मग रंगून. मी चुलीजवळ गुडघे पोटाशी घेऊन ऐकतेय. गोष्ट एका कारकुनाची, ज्याची बदली दूर गावी झालीय. तो घरी येतो आणि संध्याकाळपासून बायकोपाशी मन मोकळं करतो. गाव, घर, मित्र, साहेबाने केलेला अन्याय, सगळं. शेवटचं वाक्य तुम्ही दोनदा सांगितलंत.

आई म्हणाली, "सरी, ठीक आहे. मग ती जेवली कधी?"

"कोण?"

"त्याची बायको. संध्याकाळपासून तो बोलतोय, ती ऐकतेय. जेवली कधी ती?"

तव्यावरची भाकरी करपली, तरी कुणी उलटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गोष्ट पहिल्या ओळीपासून नव्याने लिहायला घेतलीत, या वेळी त्या बायकोच्या बाजूने. कुत्रं सवयीने समोर येऊन बसलं, पण तुम्ही कागद घेऊन उठलात आणि स्वयंपाकघरात गेलात. मग रोजच जात राहिलात. आई वाटेल तिथे थांबवायची, तुम्ही चिडायचात, पाय आपटत बाहेर यायचात आणि खोडायचात. गोष्ट वेळेत पोस्टात पडली. तुम्ही परत आलात तेव्हा मांजरी एकेक पिल्लू मानेला धरून अक्कांच्या घरी नेत होती. पेटीतले डागाळलेले कागद वाचता येत होते. आई म्हणाली, "एकदा बघा तरी." तुम्ही ते हंड्याखाली घातलेत आणि अंघोळीला गेलात.

दिवाळी अंक आला, तेव्हा अंगणभर लोकांनी तुमचं कौतुक केलं. तुम्ही अंक आईच्या हातात दिलात. ती हात पुसून, चष्मा लावून, जमिनीवर बसून सबंध गोष्ट वाचत राहिली, आणि त्या दिवशी भात तुम्ही केलात. कच्चा होता. आम्ही सगळ्यांनी खाल्ला. मी इतकी सुखी क्वचितच झाले असेन.

अण्णा, मीही लिहिते हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्यानंतर सुरू केलं. आपल्या घरात मराठी वाचणारं आता माझ्याशिवाय कुणी नाही. सून कन्नड घरातली, पण ऐकून तिला सगळं समजतं. आज मी मांजराला नवं पान वाचून दाखवत होते, तर ती दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अम्मा, मुंदे? पुढे काय झालं?" मी कागद पदराखाली घेतले आणि काही नाही म्हणाले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा खरं सांगते. मला मांजरांची तेवढी आवड नाही. ती प्रश्न विचारत नाहीत, म्हणून मी त्यांना वाचून दाखवते. सून आत्ता स्वयंपाकघरात आहे. मी कागद घेऊन तिच्याकडे जाते आहे.