दहाव्याच्या दिवशी दिलेली मंजुरी

प्रिय बाळू,

तुझ्या दहाव्याला, सकाळी साडेअकरा वाजता, आम्ही सगळे मार्कंडेय नदीच्या काठावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभे होतो. आणि नेमक्या त्याच वेळी तू म्हणे फॅक्टरीत बसून विमानाच्या एका पार्टच्या बदललेल्या ड्रॉइंगला मंजुरी देत होतास! म्हणून हे पत्र. संताप कुणाजवळ तरी ओकायला हवा, आणि यातलं कळणारा आपल्या घरात तू एकटाच होतास.

काल तुझा लॅपटॉप परत द्यायला मी आणि तुझी सुमन गेलो होतो. तुझ्या सेक्शनमधल्या मुलीने कौतुकाने स्क्रीन वळवली. "आंटी, सरांचं काहीच पेंडिंग नाही बघा." बघितलं. दाराचं ब्रॅकेट, बोल्टचं छिद्र सरकवलेलं, नवं ड्रॉइंग लागू. मंजुरी देणारा म्हणून तुझं नाव, आणि पुढे दहाव्याची तारीख, वेळ.

तेच ब्रॅकेट ना रे? शेवटच्या रविवारी भाकरी मोडता मोडता म्हणाला होतास, "आक्का, भोक कडेच्या लई जवळ आणलंय. ताकदीचा हिशेब कुणी दिलेला न्हाय. आधीचे पार्ट कुठल्या विमानात गेले, तेबी सांगंनात. मी सोडत न्हाय." आणि सोडलं नाहीसच! तू गेल्यावर त्यांनी तुझ्याच नावाने सोडवून घेतलं.

मी तडक तुझ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"मॅडम, सिस्टिममध्ये त्या पायरीवर त्यांचंच नाव होतं. काम अडलं होतं. नुसती फॉर्मॅलिटी हो."

"मग तुमच्या नावाने द्यायची."

"माझं नाव तिथे चालत नाही."

"आणि मेलेल्याचं चालतं?"

त्यांनी चहा मागवला. चहा!

तुझ्यावरही राग आहे माझा. पोरीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, हा काय पासवर्ड झाला? तोही सगळ्या सेक्शनला पाठ! बँकेत असताना मी माझा पासवर्ड नवऱ्याला सांगितला नाही. तुला बोलले तर हसायचास. "रजेवर असलो तर पोरांचं काम अडाय नको गं." अडवणं हेच तर तुझं काम होतं, वेड्या!

उद्या ते ब्रॅकेट तडकलं तर चौकशीत नाव कुणाचं निघेल? तुझं. आणि तू उत्तर द्यायला येणार नाहीस, हीच त्यांची सोय.

सुमन रिक्षात रडत होती. "वन्सं, भांडू नका. पोरीला तिथंच लावून घेतो म्हणालेत."

"घेतील की. पहिल्याच दिवशी तिचाही पासवर्ड मागतील."

रिक्षा हिंडलग्यात शिरली. मग डोळे पुसून म्हणाली, "लिवा तुम्ही. माझंबी नाव घाला."

तर बाळू, तुझं नाव त्या मंजुरीवरून उतरेपर्यंत मी गप्प बसणार नाही, हा माझा शब्द. या पत्राची प्रत आजच तुझ्या साहेबांच्या टेबलावर जाईल.

साहेब, पुढचं तुमच्यासाठी. ती मंजुरी रद्द केली, त्या ड्रॉइंगवरचे पार्ट थांबवले, असं लेखी उत्तर सोमवारी दुपारी बाराच्या आत मला मिळालं पाहिजे. नाहीतर बारा वाजून पाच मिनिटांनी, ज्यांची विमानं आहेत त्यांना मी कळवीन. माझं इंग्रजी चांगलं आहे.

आणि उत्तराखाली सही स्वतःची करा.

तुझी,
आक्का
(आणि सुमन)