पाकट आणि पाणकावळा

मूर्तिजापूर, रविवार संध्याकाळ

अजून हसू येतंय. लग्नाला तीन महिने झाले, पण सासरे माझ्याशी आज पहिल्यांदा मोकळं बोलले.

तळ्याकाठी एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. मी सहज म्हणाले, "बाबा, आमच्या मालवणचा पाकट मासा अस्साच दिसतो, पंख पसरल्यासारखा."

"माशाले पंख? उडते का मंग तो?"

"हो, पाण्यात!"

तेवढ्यात पाणकावळ्याने बुडी मारली.

"घे! पाखरू पोहून राहिलं अन् तुया मासा उडून राहिला!" बाबा खो खो हसले. असे हसतात होय हे?

परतताना हळूच म्हणाले, "पोरी, म्या समुद्र नाई पाह्यला. नेशील का मले?"

मालवणला आईला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "व्याह्यांना तिखट चालतं ना?"