बोल्ट कुठे होता

प्रिय मॅरिट,

तुझं पत्र मंगळवारी आलं. अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे, तेव्हा दोनदा वाचावं लागलं. कॉलेजाने त्यावर काही उपाय केलेला दिसत नाही. मी पाच हिवाळे शाळेत गेले, त्यातले दोन बर्फातच गेले, तरी माझं लिहिलेलं लोकांना वाचता येतं.

तू दोन गोष्टी विचारल्यास. जूनमध्ये तू इकडे कायमची येतेयस, लसूणघासाचं रान आता तू बघणार, तर रानात बिळं उकरणारे गोफर मारायला कुठली रायफल घ्यावी आणि तिच्यावर कुठली दुर्बीण बसवावी. की आजोबांची भिंतीवरची मी तुला देईन. ही एक. दुसरी तू पानाच्या तळाशी बारीक अक्षरात घुसडलीयस. तुझी आई सामान घेऊन तुझ्याबरोबर येणार, पण फाटकापर्यंतच. त्या दिवशी काय झालं ते मी माझ्या हाताने लिहून दिल्याशिवाय रोझालिन फाटकाच्या आत पाऊल ठेवणार नाही. तिचं म्हणणं एवढंच आहे, असं लिहिलंयस. एवढंच म्हणे.

पहिल्याचं आधी सांगते. ते सोपं आहे.

तुझ्या आजोबांची, ऑर्विलची, रायफल मिळणार नाही. नवीन घे. ऑर्विलच्या रायफलीची नळी झिजलीय असं समज. तसं नाहीये, पण तसं समज.

यंदा गोफर मार्चमध्येच वर आले. बर्फ पुरता वितळलाही नव्हता. नदीकडच्या अर्ध्या रानाची चाळणी झालीय, गवत कापायच्या यंत्राची दोन पाती त्यांच्या मातीच्या ढिगांवर तुटली. गेल्या साली करड्या घोडीने बिळात पाय घातला आणि मोडून घेतला. शेजारचा हॅरल्ड धावत आला, म्हणाला, तू आत जा, गोळी घालून मी उरकतो. मी म्हटलं, घोडी माझी आहे. तर मूठभर खार मागच्या पायांवर उभी राहून बघते म्हणून तुझ्या मैत्रिणींना तिची दया येत असेल तर येऊ दे. घोडीने काय केलं होतं, तेही त्यांना विचार.

रायफल बोल्टचीच घे. आपोआप भरणाऱ्या बंदुकीने माणूसही आपोआप मूर्ख होतो. चाप ओढत सुटतो, आणि संध्याकाळी रिकाम्या पुंगळ्यांच्या ढिगात बसून वाऱ्याला शिव्या देतो. गोळी नळीत सारणारा बोल्ट हाताने उचलावा लागतो, मागे ओढावा लागतो, पुढे ढकलावा लागतो. तेवढ्यात पुढची गोळी खरंच झाडायचीय का, हे डोक्यात येतं. डोकं असेल तर. आणि बोल्ट बाहेर काढता येतो. मुठीत मावेल एवढं लोखंड. ते काढलं की रायफल म्हणजे काठी. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे: रायफल उंबऱ्याच्या आत आली की बोल्ट बाहेर, आणि तो चुलीशेजारच्या कॉफीच्या लाल डब्यात. तुझ्या आजोबांनी ही रीत घातली, कारण त्यांचा भाऊ स्वयंपाकघरात बंदूक पुसताना आपल्याच पायाचं बोट घालवून बसला होता. तुझ्या बापाला चालता येण्याआधी त्या डब्याला हात लावायचा नाही हे कळत होतं.

काडतूस टू-ट्वेंटी-थ्री मापाचं. दुकानदार तुला त्याहून जोरकस दाखवील, चारशे यार्डांवर सुद्धा सरळ जातं म्हणेल. जातं. पण ते कानठळ्या बसवतं, नळी चार उन्हाळ्यांत खातं आणि खांद्याला असा धक्का देतं की गोळी कुठे लागली ते तुला दिसतच नाही, शेजाऱ्याला विचारावं लागतं. टू-ट्वेंटी-थ्रीचा धक्का मांजराने अंग घासल्याएवढा. नेम चुकला तर धूळ कुठे उडाली ते तुझं तुला दिसतं, आणि आपली चूक आपल्याला दिसली की माणूस लवकर शिकतो. शिवाय ती काडतुसं आपल्या गावात दुधाशेजारच्या फळीवर मिळतात.

नळी जाड घे. खांद्यावर टाकून डोंगरात हिंडायचं असेल तर बारीक बरी. तुला हिंडायचं नाही, एका जागी बसून रान राखायचंय. बारीक नळी दहा गोळ्यांत तापते आणि मग गोळी कुठे जाईल ते तिचं तिला ठाऊक. जाडही तापतेच, उशिरा. हात लावून बघ, चटका बसला की ठेवून दे, कॉफी पी, कुंपण बघून ये. गोफर कुठे पळत नाहीत. त्यांनाही शेतीच करायचीय.

आता दुर्बीण. जितकं रायफलीला घालशील तितकंच दुर्बिणीला घाल. स्वस्त दुर्बीण सकाळी चांगली दिसते आणि दुपारी नेम विसरते. पण म्हणून हॅरल्डसारखं करू नकोस. त्याच्या गळ्यात दुकानदाराने चोवीसपट मोठं दाखवणारी मारली. नाकापेक्षा मोती जड. रायफल पिकअपच्या बॉनेटवर टेकवून तो पहिल्यांदा बसला तेव्हा मी शेजारी उभी होते. आधी दहा मिनिटं त्याला गोफरच सापडेना. एवढं मोठं दिसतं की कुठलं रान आहे तेच कळत नाही. मग सापडला. मला म्हणतो, "आर्डिस, याच्या मिशा मोजून दाखवू का?" मी म्हटलं, आधी मार, मग निवांत मोज. त्याने चाप ओढला. गोफर उभा तो उभाच. बॉनेटला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चर पडला होता. दुर्बीण नळीच्या दोन बोटं वर असते ना. तिला बॉनेटच्या वरून सगळं मोकळं दिसत होतं, नळीपुढे मात्र पत्रा होता. दुर्बीण बघते वरून, नळी थुंकते खालून. त्या चरावर त्याने लावलेली चिकटपट्टी अजून आहे, नि त्याचं म्हणणंही अजून तेच आहे की दुकानदाराने हे सांगायला हवं होतं.

तुला बारापट भरपूर झाली. दहा वाजल्यानंतर जमिनीवरची हवा उकळायला लागते, मग जास्त मोठं करून दिसतं काय तर उकळती हवाच, मोठी. दुर्बीण धरणारी कडी नीट आवळून घे, वीस गोळ्यांनी पुन्हा आवळ. आधी कागदावर नेम जुळव, शंभर यार्डांवर. वारा पश्चिमेचा असतो हे तुला मी सांगायला नको. हलकी गोळी तो कागदाच्या कपट्यासारखी ढकलतो. गोफराच्या मागे माती असेल तरच मार. मागे आभाळ असेल तर मारू नकोस. आभाळाच्या मागे कोणाचं तरी घर असतंच.

आणि दोन डोळ्यांनी बघायची वेगळी दुर्बीण घे, गळ्यात अडकवायची. ती आधी घे, रायफल नंतर. तू लिहिलंयस की रायफलीवर दुर्बीण असतेच, मग दुसरी कशाला. लांबचं काही बघायचं तर तिच्यातूनच बघता येतं. इथे सगळे तेच म्हणतात. गाय कोणाची, पिकअप कोणाची, टेकडीवर कोण उभं आहे, उचलली रायफल की लावला डोळा. मीही तेच करत होते.

म्हणजे दुसऱ्या गोष्टीशी आलोच.

तुला घरात जे सांगितलंय ते तुला पाठ आहे. तुझी आई तुझ्या बापाला, लाइलला, सोडून गेली, तुला चार वर्षांची घेऊन गेली, आणि जाताना फाटक उघडं टाकून गेली. अकरा गायी रस्त्यावर गेल्या, एक दुधाच्या टँकरखाली सापडता सापडता वाचली. हे मी चर्चमध्ये सांगितलं, दुकानात सांगितलं, दर उन्हाळ्यात तू तीन आठवडे आलीस तेव्हा तुलाही सांगितलं. नवऱ्याला सोडणाऱ्या बाया या मुलखात पुष्कळ बघितल्यात. फाटक उघडं टाकणारी नाही. लोक माना डोलवायचे. तुझी आई तुला गावातल्या पेट्रोल पंपावर सोडून तिथूनच परत फिरायची, तर मी म्हणायचे, फाटकाची लाज वाटत असेल.

एप्रिलचा शेवट होता. मी सकाळपासून पडवीत बसले होते, कठड्यावर ऑर्विलची रायफल टेकवून, खालच्या रानातले गोफर मारत. लाइल गुरांच्या बाजाराला गेला होता, आणि गळ्यातली दुर्बीण त्याच्या पिकअपमध्ये होती. रोझालिन दोन बॅगा घेऊन बाहेर आली. तुला गाडीत बसवलं. मग पायरीपाशी येऊन म्हणाली, "आर्डिस, आम्ही निघालो. मॅरिटला नीट निरोप द्याल का?"

मी म्हटलं, "गोफर वर आलेत. मला वेळ नाही."

मान वळवून तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती गाडीकडे गेली. आपलं फाटक तारेचं, दोन बायकांची ताकद लागते उघडायला. गाडी थांबवून ती उतरली, तारेशी झगडायला लागली. मला वाटलं, तू रडत असशील. किंवा नसशील. मला बघायचं होतं. हातात रायफल होती, तिच्यावर दहापटीची दुर्बीण होती. मी रायफल कठड्यावरून वळवली आणि डोळा लावला. तू मागच्या काचेशी होतीस. रडत नव्हतीस. हनुवटीला जॅम लागला होता.

दुर्बीण बघते तिथेच नळीही बघते. हे मी बारा वर्षांच्या तुला शिकवलं, याच कठड्यावर.

रोझालिनने मागे वळून बघितलं. ओरडली नाही. तार तशीच जमिनीवर टाकली, चालत आली आणि त्या काचेपुढे उभी राहिली, माझ्याकडे तोंड करून, हात पसरून. मला दुर्बिणीत जॅम दिसत होता तिथे आता तिचा कोट दिसायला लागला. वरून दुसरं बटण तुटलेलं होतं. मी रायफल लगेच खाली घेतली, असं कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी लगेच घेतली नाही. चार श्वास गेले असतील. मग ती तशीच पाठीमागे सरकत गाडीच्या दारापर्यंत गेली, आत बसली आणि गाडी घेऊन गेली. फाटक लावायला ती थांबली असती तर मीच तिला वेडी म्हटलं असतं.

पोलिसांचा डेप्युटी दुपारी आला, रोझालिनने गावातून फोन केला होता. तोवर बोल्ट डब्यात होता. त्याने झाकण उघडून बघितलं, केकचे दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, शहरातल्या बायका घाबरतात. संध्याकाळी लाइल आला. त्याने एवढंच विचारलं, "आई, बोल्ट कुठे होता?" मी म्हटलं, डब्यात. पुढे घटस्फोटाच्या वेळी कोर्टात त्याने तेच शपथेवर सांगितलं, आणि त्याच्या मते ते खरंच होतं. न्यायाधीशाने रोझालिनला विचारलं की बोल्ट नसलेली रायफल म्हणजे फक्त काठी, हे तिला ठाऊक आहे का. तेव्हापासून सगळ्या तालुक्यात ती खोटं बोलणारी, काठीला भिणारी बाई. एकोणीस वर्षं. लाइलला मी रविवारी तो कामाला आहे त्या तेलाच्या विहिरीवर फोन करून खरं सांगितलं. त्याने फोन ठेवला. परत केलेला नाही.

तर हे माझ्या हातचं, आणि ते तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे, तिला दे. बोल्ट रायफलीत होता. काडतूस नळीत होतं. चाप अडवणारी सेफ्टी लावली होती की नाही ते मला आठवत नाही, आणि ते आठवत नाही हेच मला कोणाला सांगायचं नव्हतं. रोझालिन एका ठिकाणी चुकते: मी तिच्यावर नेम धरला असं ती म्हणते, पण तो आधी तुझ्यावर होता, ती मध्ये येईपर्यंत. तुम्ही याल त्या दिवशी लाल डबा फाटकाच्या खांबाला बांधलेला असेल. ऑर्विलच्या रायफलीचा बोल्ट त्यात आहे. तिला म्हणावं, तो स्वतःच्या हाताने काढ, पर्समध्ये टाक नाहीतर नदीत टाक, आणि मग वर ये. नाही आली तरी डबा तिचा. मी पडवीत असेन, दोन्ही हात कठड्यावर, दिसतील असे. आणि फाटक लावायच्या भानगडीत तिने पडू नये. गायी मी आदल्या दिवशीच वरच्या कुरणात घालून ठेवते.

तुझीच आजी,
आर्डिस