शंभरपटीची गाय

रविवार, ६ फेब्रुवारी १९८३

—तर पप्पांचं काहीही म्हणणं असो, ब्रदर डेन्झिल बरोबरच बोलले! लातूर जिल्हा झाला, पण आमचं चर्च अजून तालुक्यासारखाच विचार करतं. ब्रदर हैदराबादचे पाहुणे उपदेशक. ते इंग्लिशमध्ये बोलतात, मराठी मी करते—कॉन्व्हेंटची मी एकटीच ना! "देताना दुखेल ते पेरा, देव शंभरपट देईल!" मी त्यांच्यासारखा हातसुद्धा वर केला. पप्पा या चर्चचे पाळक, तरी मागच्या बाकावर बसले. घरी म्हणाले, "विहिरी आटल्यात, अन् तू लोकांना पेरायला लावून राहिलीस?"

१३ फेब्रुवारी

हंगामाचा सण. दरवर्षी वेदीपुढे भोपळे, कोंबड्या, कणसं येतात, मग लिलाव. यंदा दुष्काळ—चार सुकी वांगी. आणि महानंदामावशीची गाभण देवणी गाय! एकुलती एक. तिच्या दुधावरच मावशीचं घर चालतं. मी भाषांतर सोडून रडले.

लिलावात कुणी बोलीच लावेना. भुजंगकाका म्हणाले, "गाय नेतो की, कडबा ब्रदरनं पुरवावा." लोक हसले—चर्चमध्ये! शेवटी ब्रदरनी ती मिशनची केली आणि आमच्या अंगणात बांधली. स्वतः एसटीनं हैदराबादला गेले.

१७ फेब्रुवारी

गाय फार खाते.

२ मार्च

पप्पा कडबा मागत फिरतात. मी पाण्यासाठी टँकरपाशी रांगेत. "देवाची गाय हाय" म्हणून लोक पुढे सोडतात. मावशी रोज येऊन गाईची पाठ खाजवते. मी म्हटलं, "मावशी, शंका नको, विश्वास ठेव."

"ठिवलाय की माय. म्हून तर हितं आणली."

२१ मार्च

व्याली! कालवड! मी ब्रदरना तार ठोकली.

२६ मार्च

ब्रदरचं उत्तर आलं—दोन्ही विका, नवा लाउडस्पीकर घ्यायचाय. सोमवारी त्यांचा माणूस गिऱ्हाईक घेऊन येणार. पप्पा नांदेडला. मावशीला कसं सांगू? सांगितलं. ती गाईची पाठ खाजवून घरी गेली.

रविवार, २७ मार्च

प्रार्थनेनंतर मावशी दावं घेऊन दारात.

"पेरली मी. आता कापाया आले."

"मावशी, ती देवाची आहे!"

"हाव की. माझ्याकडं वैरण नव्हती, देवाकडं जगली. आता दूध हाय, दुधाच्या पैशात वैरण येतीय." मग हसली. "शंभर देतो म्हनला, तूच सांगितलंस. दोनच दिल्या. जाऊ दे, अठ्ठ्याण्णव ब्रदरला माफ!"

गाय मीच सोडली. कालवड उचलून तिच्या दारापर्यंत नेली.

उद्या तो माणूस येईल. मी देवाची गाय चोरली, का माझं भाषांतर आज पहिल्यांदा खरं झालं? डायरी, तुला काय वाटतं?