आईंसाठी घेतलेला टॅब

३ मार्च

टॅब घेतला! दुकानातला सगळ्यात स्वस्त. दुकानदार म्हणाला, "ताई, यात गेम धड चालणार नाहीत. फोटोही यथातथाच."
"बोललेलं लिहून दाखवतो?"
"दाखवतो की."
"अक्षरं मोठी होतात?"
"हवी तेवढी!"
मग झालं तर. सासूबाईंना कानाचं यंत्र लावूनही ऐकू येत नाही. हे होते तेव्हा यांचे ओठ पाहून त्यांना सगळं कळायचं. माझे ओठ म्हणे हलतच नाहीत! यांना जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून आम्ही दोघी खाणाखुणांवर दिवस काढतोय.

४ मार्च

पहिलं वाक्य उमटलं — "आई जेवायला चला". आईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "आवाज फुटला म्हणायचा तुला!"

७ मार्च

स्वस्त असेल, पण कान तिखट! खिडकीशी ठेवला, तर वरच्या मजल्यावरचं नवरा-बायकोचं भांडण ओळीने लिहून काढलं. मी घाईने बंद करायला गेले. आईंनी हात धरला — "थांब गं, त्याचं उत्तर तरी येऊ दे!"
कितीतरी दिवसांनी हसल्या. मीही.

८ मार्च

चार्जिंगला चार तास लागतात. लागू देत.

११ मार्च

शहात्तराव्या वर्षी आई आता स्वतःच अक्षरं लहानमोठी करतात. कचेरीतला नवा संगणक शिकायला मला महिना लागला होता!

संध्याकाळी नणंदेचा फोन. रविवारी आईंना कायमचं न्यायला येतेय. "वहिनी, तू दिवसभर कामावर. आणि दवाखान्यात शेवटी दादाला भेटू दिलं नाहीस तू आईला. ती तुझ्याकडे कोणत्या मनाने राहील?"
"ये रविवारी," म्हणून मी फोन ठेवला. कारण नेहमीसारखंच पोटात ठेवलं. आईंनी मात्र आजवर एका शब्दाने ते काढलेलं नाही. एवढं मोठं मन कुठून आणतात!

१५ मार्च, रविवार

नणंद आली आणि एकटीच परत गेली.

ती यायच्या आधी आईंनीच टॅब माझ्यापुढे ठेवला. "मला का नाही बोलावलंस? आज बोल."
बोलले. — "यांनीच सांगितलं होतं. आईला बोलावू नकोस, मला असं बघून घाबरेल. शुद्धीत असताना शेवटचं तेवढंच बोलले."
आईंनी वाचलं. पुन्हा वाचलं.
"मला वाटत होतं, त्याने माझी आठवणच काढली नाही."