माझ्या अर्ध्या वाक्याची जाहिरात

आदरणीय भावोजी,

नमस्कार आधी पोहोचावा. राग मागोमाग येतो आहे. आपला गुडघा आता जिना चढू देतो असे ताईकडून कळले, समाधान वाटले. तिचा रक्तदाब कसा आहे? माझा विचारू नये. त्याचे कारण आपणच आहात.

आपल्या चित्रपटगृहात सध्या लागलेल्या हिंदी चित्रपटाचे परीक्षण मी साप्ताहिकातील माझ्या सदरात लिहिले. त्यात वाक्य होते, 'मध्यंतरानंतर घड्याळावरून नजर हटत नाही.' आपण जाहिरातीत छापलेत, 'नजर हटत नाही!' आणि खाली माझे नाव. (उद्गारचिन्हही माझे नव्हे. मी ते आयुष्यात कधी वापरलेले नाही, ताईला विचारावे.) मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, शीतगृहाच्या हिशेब विभागाचा प्रमुख. ताळेबंदाची फक्त जमेची बाजू छापणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात, ते आपण वडीलधारे असल्यामुळे येथे लिहीत नाही. आमचा रोखपाल मात्र रोज सकाळी विचारतो, "काय साहेब, हटली का नजर?"

मी पुढच्याच अंकात खुलासा केला, की मी या चित्रपटाची स्तुती केलेली नसून त्याने दिलेल्या कंटाळ्यातून अजून सावरलेलो नाही. जाहिरात आली, 'अजून सावरलेलो नाही!' अखेर, कापायला काही उरूच नये म्हणून, मी एका शब्दाचे परीक्षण लिहिले: 'वाईट.' कापता येईना, तर आपण जोडलेत! (पाहा, उद्गारचिन्हाची लागण झाली.) "'वाईट' वाटेल, चुकवलात तर." माझा शब्द अवतरणचिन्हांत, बाकीचे आपले. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, याचाच अधिक संताप येतो.

काल संपादकांनी बोलावले. वाचकांच्या मते समीक्षक भावोजींच्या खिशात बसला आहे. वाक्ये आपण कापलीत असे आपल्याकडून लेखी आणावे, नाहीतर सदर बंद. भावोजी, आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासले. स्वतःचे म्हणावे असे माझ्याजवळ एवढे एक सदर आहे. माझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. (विश्वास ठेवतात म्हणजे तिकीट काढतात असे नव्हे. मागे मी एका चित्रपटाला मनापासून वाखाणले, तर तो आठवडाही न काढता उतरला, आणि अंधारात खुर्च्या दाखवणारा आपल्याकडचा बॅटरीवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, तेवढं कौतुक करू नका हो, पोटावर पाय येतो." उलट ज्यांना आम्ही समीक्षकांनी एकमुखाने झोडपले, त्यांच्यासाठी आपण जादा खुर्च्या मागवल्यात.) आपले चित्रपटगृह विकत घेऊन त्याचे गोदाम करायला एका गोदामवाल्याने मागणी घातली आहे आणि आपणांस गर्दीची निकड आहे, हे मी जाणतो. परंतु गर्दी आपली आणि बदनामी माझी, ही भागीदारी मला मान्य नाही. तरी परतीच्या टपालाने लेखी कबुली पाठवावी आणि यापुढे माझे वाक्य जेथे कापाल तेथे तीन टिंबे द्यावीत.

आपला,
अवतरणचिन्हांत अडकलेला मेहुणा

ता. क. १: हिला व हिच्या चार मैत्रिणींना हा चित्रपट पाहायचा आहे, जाहिरात वाचून उत्सुकता वाटली म्हणे. ते परीक्षण मीच लिहिले असून ते प्रतिकूल आहे, हे मी पुराव्यानिशी समजावले. त्यावर ही म्हणाली, "तुम्हाला कुठलं अनुकूल असतं? एवढं लिहिलंत म्हणजे आवडलाच असणार." पाच तिकिटे राखावीत; खांबामागची नकोत.

ता. क. २: पाकीट चिकटवणार तोच ताईचा फोन आला. किती दिवसांनी बाल्कनी उघडावी लागली, माणसे कमी पडली म्हणून ती स्वतः तिकीटखिडकीत बसली, आणि गोदामवाला आला तो मागणी घेऊन नव्हे, तर सहकुटुंब रांगेत उभा राहायला, हे सांगताना तिला हसू आवरत नव्हते. तिला असे हसताना मी फार वर्षांत ऐकलेले नाही. तेव्हा चित्रपट उतरेपर्यंत कबुली पाठवू नये. सदराचे माझे मी पाहून घेईन. मात्र मी खोटे लिहू शकत नाही, म्हणून पुढील जाहिरातीसाठी एक अखंड, अनुकूल आणि सत्य वाक्य देत आहे: 'या चित्रपटगृहात प्रत्येक संवाद शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू येतो.' चित्रपटाविषयी माझी मूळ तक्रार तीच होती.